मृगाच्या किड्याला पाय किती?

जूनचा दुसरा आठवडा. रात्री पाऊस पडून गेलेला, अंगणातली माती अजून ओली. बालवाडीच्या पायरीपाशी चपला काढता काढता मुलं थबकली आणि एकेक करत सगळी उकिडवी बसली. मातीवरून लालभडक मखमलीचा एक ठिपका चालत होता. मृगाचा किडा. चार वर्षांच्या एका मुलीनं तळहात जमिनीला टेकवला आणि किडा हातावर चढेपर्यंत श्वास रोखून धरला. हातावर येताच त्यानं पाय पोटाशी घेतले आणि गप्प पडून राहिला. "झोपला," ती कुजबुजली. मग अर्धा मिनिट कुणीच बोललं नाही. पंधरा मुलांच्या बालवाडीत अर्धा मिनिट शांतता म्हणजे काय, हे ज्यांनी मुलं सांभाळली आहेत त्यांना सांगायला नको.

त्याला पाय किती, असा प्रश्न कुणीतरी काढला. एकाचं उत्तर चार, कारण त्यांच्या गाईला चार होते. दुसरा म्हणाला खूप. किडा पांढऱ्या ताटलीत ठेवला आणि त्याच्या प्रत्येक पायामागे एक खडा मांडायचा ठरलं. आठ खडे झाले. मग मुंगी शोधली, तिचे सहा झाले. छताच्या कोपऱ्यात जाळं करून बसलेल्या कोळ्याचे पुन्हा आठ. "मग हा कोळ्याचा भाऊ," असा निकाल एका मुलानं दिला. तो शास्त्राला धरूनच होता. मृगाचा किडा खरोखरच कोळी, विंचू, गोचीड यांच्या कुळातला आहे, आठ पायांचा. आपण त्याला किडा म्हणतो इतकंच. खडे मोजून झाल्यावर तो जिथं सापडला होता तिथंच सोडून आलो.

त्या दिवशी मी 'पावसाळा' नावाचा तक्ता तयार करून आणला होता. त्यावर छत्री, रेनकोट, बेडूक आणि होडी. तो गुंडाळलेलाच राहिला, आणि त्यानंतर बऱ्याच गोष्टी मी उलट्या क्रमानं करायला लागले. आधी अंगण, मग हात, मग बोलणं, आणि चित्र सगळ्यात शेवटी.

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला 'ऋतू' ही कल्पना कळत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. चार वर्षांच्या मुलानं आयुष्यात चार पावसाळे पाहिलेले असतात, त्यातला फार तर एखादा त्याला आठवतो. 'वर्षात तीन ऋतू असतात' हे वाक्य ते पाठ म्हणेल, पण वर्ष म्हणजे केवढं हे त्याला ठाऊक नसतं. काल आणि आज मात्र त्याला पक्के कळतात. काल माती कोरडी होती, आज ओली आहे. काल मटकी गोल होती, आज तिला शेपूट आलंय. असे काल-आज जोडत जोडतच ऋतू त्याच्या पदरात पडतो. म्हणून बालवाडीत ऋतू 'शिकवायचा' नसतो, तो रोज थोडा थोडा हाताळू द्यायचा असतो. बाजारात मिळणाऱ्या वह्यांमध्ये हिवाळ्याच्या पानावर बर्फाचा माणूस असतो आणि शरदाच्या पानावर लाल-पिवळी मॅपलची पानं. सोलापूरच्या किंवा सावंतवाडीच्या मुलानं तो बर्फ रंगवावा कसा? त्याच्या हिवाळ्यात वाटाण्याच्या शेंगा आहेत, बोरं आहेत, सकाळी तोंडातून निघणारी वाफ आहे.

हे काही नवं नाही. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि १९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डीला आल्या. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मॉन्टेसोरीची तत्त्वं त्यांना मान्य होती, पण तिची महागडी, मापात घडवलेली लाकडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. तेव्हा शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडी मुलांच्या अंगणात नेली आणि तिला नाव पडलं अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ गेलं. तिथं गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. १९७५ साली २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. शब्द पोचला, पण त्यातलं अंगण वाटेत कुठंतरी मागे राहिलं असं मला फार वाटतं. आज अंगणवाडीच्या भिंती रंगवलेल्या असतात आणि दाराबाहेर ओली माती तशीच पडून असते.

तर आता अंगणात. पावसापासून सुरुवात करते, कारण आपल्याकडे शाळाही त्याच्याबरोबरच उघडते.

पाऊस मोजायला एक सरळ उभट बरणी पुरते. वर-खाली सारख्याच रुंदीची हवी, पोट सुटलेली नको. ती अंगणात मोकळ्या जागी, झाड आणि वळचण टाळून, चार विटांच्या आधारानं ठेवायची. रोज सकाळी त्या दिवसाच्या पाळीची दोन मुलं जातात, बरणीशेजारी कागदाची पट्टी उभी धरतात, पाणी जिथवर आलंय तिथं खूण करतात आणि पट्टी तिथं कापतात. ती निळी रंगवून भिंतीवरच्या लांब कागदावर कालच्या पट्टीशेजारी चिकटवायची. बरणी रिकामी करून परत जागेवर. बस, एवढंच. आकडा नाही, मिलिमीटर नाही. श्रावण संपेपर्यंत भिंतीवर लहान-मोठ्या निळ्या पट्ट्यांची रांग उभी राहते आणि मुलं ती वाचू लागतात. "हा मोठ्ठा पाऊस, तेव्हा आपल्याला लवकर घरी सोडलं होतं." अक्षरओळख नसलेली मुलं आलेख वाचत असतात.

यात एक अडचण लवकरच येते. पाऊस न पडलेल्या दिवशी काय चिकटवायचं? आमच्याकडे यावर वाद झाला. एक मुलगा म्हणाला, काही नाही, पुढच्या दिवशीची पट्टी लगेच शेजारी लावू. दुसरी म्हणाली, "पण तो दिवस होता ना!" शेवटी त्या जागी एक ठिपका काढायचा ठरलं. शून्य या कल्पनेशी इतकी प्रामाणिक भेट मी कुठल्याच पुस्तकात पाहिलेली नाही.

मोठ्या मुलांसाठी यात आणखी एक गंमत आहे. एक रुंद डबा आणि एक अरुंद डबा, दोन्ही सरळ बाजूंचे, शेजारी शेजारी ठेवले तर दोन्हींत पाण्याची उंची सारखीच भरते. रुंद डब्यात पाऊस जास्त पडतो खरा, पण तो पसरतोही तितकाच. म्हणून पावसाचं माप उंचीत सांगतात. पुण्यात वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सगळा एका जागी साचून राहिला तर चार वर्षांच्या मुलाच्या छातीपर्यंत येईल. महाबळेश्वरला तो ५,००० मिलिमीटरच्या पुढे जातो, म्हणजे जवळजवळ दुमजली घराएवढा.

पण रुंद डब्यातलं पाणी अरुंद पेल्यात ओतलं की याच वयाची मुलं ठामपणे सांगतात, पाणी वाढलं. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं हे फार पूर्वी दाखवून दिलं. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मूल उंचीकडे पाहतं आणि रुंदी विसरतं. अशा वेळी बाईंनी चूक दुरुस्त करू नये. समजावून सांगितलं तर मूल तुमच्यासाठी "हो" म्हणेल आणि मनात "वाढलं" असंच ठेवेल. त्याला ओतू द्यावं. या भांड्यातून त्या भांड्यात, तांब्यातून वाटीत, नरसाळ्यातून बाटलीत, आठवडाभर. सांडलेलं पुसायला फडकं त्याच्याच हाती द्यावं. एक दिवस ते स्वतःच थांबतं आणि म्हणतं, "अरे, हे तेच आहे."

पावसाळ्यात जिवंत पाहुणेही भरपूर येतात. गोगलगाय सापडली तर काचेच्या तुकड्यावर ठेवून खालून पाहायला द्या, काचेच्या कडांना चिकटपट्टी लावून. पोटाच्या तळव्यावर बारीक लाटा मागून पुढे सरकताना दिसतात. पायच नसताना ती चालते कशी, याचं उत्तर तिथं डोळ्यांसमोर असतं. वाणी, म्हणजे काही ठिकाणी ज्याला पैसा म्हणतात तो, हात लागताच चकलीसारखा वेटोळं होतो. त्याच्या बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, तर गोमेच्या प्रत्येक वळ्याला एकच जोडी. वाणी चावत नाही, पण त्याच्या अंगातून येणारा रस त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतो, म्हणून तो काडीवर घेऊन बघायचा. गोम चावते, म्हणून तिला लांबूनच बघायचं. हा फरक चार वर्षांची मुलं एकदा पाहून शिकतात आणि घरी जाऊन आजीला शिकवतात. काहीही हाताळलं की साबणानं हात धुवायचे. हा नियम आमच्याकडे खेळाचाच भाग आहे, शिक्षेचा नाही.

बिया रुजवण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पहिल्या वर्षी मी त्यात चुकले होते. कुंडीत वाल पेरले आणि मुलांना सांगितलं, आता वाट बघा. दुसऱ्या दिवशी निम्म्या कुंड्या उकरलेल्या. मी रागावले. तिसऱ्या दिवशी पुन्हा उकरलेल्या, आणि उरलेल्यांत इतकं पाणी की वाल कुजून वास येऊ लागला. मुलांना बीचं काय झालं ते बघायचं होतं, आणि मी ते मातीखाली लपवून वर वाट बघायला सांगत होते. चूक माझी होती. पुढच्या वेळी प्रत्येकाला काचेचा ग्लास दिला, आतून ओलं फडकं गोल लावलं आणि फडकं व काच यांच्या मधे वालाचे दोन दाणे अडकवले. आता उकरायचं कारणच उरलं नाही. आधी साल सुरकुततं, मग फाटतं, मग पांढरं मूळ बाहेर येऊन खाली वळतं, मग कोंब वर जातो. मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की ग्लास उलटा करून ठेवा. दोन दिवसांत ते मूळ वळून पुन्हा खालीच जायला लागतं. एका मुलानं तो ग्लास चार वेळा उलटवला. शेवटी त्याचं मूळ नागमोडी झालं आणि त्यानं तो ग्लास घरी नेला, सगळ्यांना दाखवायला.

मटकीची पुरचुंडी तर त्याहून सोपी. प्रत्येक मुलाची आपली पुरचुंडी, गाठ त्यानंच मारलेली. गाठ मारणं हे या वयात अवघड, कसबाचं काम आहे. सकाळी ती सोडणं त्याहून अवघड. मोड आलेली मटकी दुपारी कांदा-लिंबू घालून खाल्ली जाते. रोज ताटात येणारा दाणा जिवंत असतो, हे कळायला याहून चांगली वाट मला ठाऊक नाही.

आपल्या सणांनीही ही शाळा आधीच मांडून ठेवली आहे. बैलपोळ्याला मातीचे बैल, गणपतीला शाडूची माती आणि एकवीस पत्री. दूर्वा, शमी, आघाडा, माका, तुळस, बेल अशी पानं ढिगानं टाकावीत आणि मुलांना जुळवायला द्यावीत. गुळगुळीत एकीकडे, खरखरीत दुसरीकडे, वासाची वेगळी, तीन पानांची जोडून आलेली वेगळी. आघाड्याचे तुरे कपड्यांना चिकटतात, ते ओढून काढताना ते का चिकटतात हे आपोआप कळतं. भोंडल्याचा हत्ती पाटावर तांदळानं किंवा रांगोळीनं काढतात. हस्त नक्षत्राचा पाऊस आणि हत्ती यांची ती जुनी गाठ. चिमटीतून रांगोळी सोडणं हा हाताला मिळणारा फार नाजूक सराव आहे.

त्यातही घटस्थापनेजवळ मला थांबायचंय. पत्रावळीवर काळी माती, तिच्यात धान्य, मधे पाण्याचा घट. नऊ दिवस देवघरात धान वाढतं. घरोघरी होणारा हा रुजवणीचा प्रयोग आहे. बियाणं जोमाचं आहे की नाही ते यावरून कळायचं, असं जुनी माणसं सांगतात. मुलांना रोज सकाळी एकच काम द्यायचं, सुतळीचा तुकडा कोंबाशेजारी धरून उंचीएवढा कापायचा. पहिले दोन-तीन दिवस सुतळी कापावीच लागत नाही, मग एकदम लांब लांब. देवघर अंधारं असेल तर आणखी एक गोष्ट दिसते, धान उंच होतं पण पिवळं, फिकट राहतं. दसऱ्याला धान काढून टोपीत, कानामागे खोवल्यावर उरलेल्यापैकी थोडं उन्हात ठेवा. एक-दोन दिवसांत ते हिरवं होऊ लागतं. "ऊन प्यायलं," असं एका मुलीनं मला सांगितलं होतं. हरितद्रव्य तयार व्हायला उजेड लागतो, हे ती पुढे आठवी-नववीत वाचेल. तेव्हा तिला ते ओळखीचं वाटेल, एवढं मला पुरे आहे.

दिवाळीचा किल्ला सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त तो मोठ्यांनी हातात घेऊ नये. मुलांच्या किल्ल्याचा बुरूज ढासळतो, ढासळू द्यावा. कोरडी माती उभी राहत नाही, फार ओली वाहून जाते, मधली टिकते. हे हातांना कळतं. अळीव किंवा मोहरी पेरली की चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. वरून तांब्यानं पाणी सोडून बघायला सांगा. हिरव्या उतारावरची माती जागेवर राहते, उघड्या उतारावरची ओढ्यातून खाली येते.

हिवाळा हा हातांचा ऋतू. सोलणं, निवडणं, वळणं, ओवणं. वाटाण्याची शेंग घ्या. अंगठ्यानं तिची शिवण दाबायची, टच्चकन फुटते, मग नखानं दाणे पुढे ढकलायचे. पेन्सिल धरायला जी तीन बोटं लागतात नेमकी तीच इथं कामाला लागतात. म्हणून साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल कोंबू पाहणाऱ्या पालकांना मी शेंगांची पिशवी देते. शेंगेत दाणे किती, आधी अंदाज करा, मग फोडा. टोकांचे दाणे बारीक असतात, मधले मोठे. एका शेंगेत सात निघाले की वर्गभर बातमी पसरते.

शेत जवळ असेल आणि फवारणी झालेली नसेल तर पहाटे हरभऱ्याच्या शेतात जावं. झाडावरून बोट फिरवून जिभेला लावलं की आंबट लागतं. हरभऱ्याच्या पानांवरची बारीक लव मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल बाहेर टाकते, तीच ही आंब. पूर्वी शेतकरी पहाटे हरभऱ्यावरून फडकं ओढून, पिळून ती साठवत, पोटदुखीवर औषध म्हणून. मुलांची तोंडं जी वाकडी होतात ती पाहण्यासारखी असतात, आणि ती पुन्हा बोट लावायला जातात.

थंडीत ऊन हवंहवंसं असतं, म्हणून सावलीचा खेळ याच दिवसांत सुरू करावा. एक मूल ठरलेल्या फरशीवर उभं राहतं, दुसरं खडूनं त्याच्या सावलीभोवती रेघ ओढतं. सकाळी नऊला एकदा, मग साडेदहाला, मग घरी जायच्या वेळी, पाय त्याच फरशीवर. "माझी सावली सरकली!" अशी ओरड होते. सरकलं कोण, यावर मुलांना बोलू द्यावं. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य कलता असतो. पुण्यात २२ डिसेंबरला मध्यान्हीला मुलाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. ती रेघ ऑइलपेंटनं पक्की करून ठेवावी. तिचं काम मे महिन्यात आहे.

संक्रांतीचे तीळ, उसाचे करवे, बोरं आणि भोगीची भाजी यांवर फार लिहीत नाही. घरात जे चाललंय त्यात मुलाला पाट मांडून बसवा, एवढं पुरतं. तिळाचा लाडू गरम असतानाच वळतो, गार झाला की वळत नाही. हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

इथं थोडं थांबून बिया-पानांबद्दल सावध करते. गुंजेच्या लाल-काळ्या बिया फार सुंदर दिसतात आणि फार विषारी असतात, त्या वर्गात नकोतच. धोतरा, कण्हेर, एरंड हेही नकोत. तीन वर्षांखालच्या मुलांना चिंचोके, मणी, वाटाण्याचे दाणे यांच्याजवळ एकटं सोडू नये. मुलं ते तोंडात घालतातच, नाकात-कानातही घालतात. पाण्याची बादली भरलेली ठेवून पाठ फिरवायची नाही. एका वेळी पाच-सहाच मुलं कामाला बसवावीत, बाकीची दुसऱ्या कोपऱ्यात. पंधरा मुलं आणि एक बरणी असं केलं तर शिकणं बाजूला राहतं आणि धक्काबुक्की होते.

बाईंनी बोलायचं किती, हाही प्रश्न आहे. "हे काय आहे?" असं विचारलं की मूल उत्तर शोधत आपल्या तोंडाकडे बघतं. "काय दिसतंय?" असं विचारलं की ते वस्तूकडे बघतं. एवढ्या एका फरकासाठी मला काही वर्षं लागली. आणि विचारल्यावर थांबायचं, मनात दहा आकडे मोजायचे. बहुतेक मुलं सातव्या-आठव्या आकड्याला बोलतात.

शिमग्याच्या सुमारास पळस फुलतो. त्याची फुलं रात्रभर पाण्यात भिजवली की सकाळी केशरी पाणी तयार. रंगाचं दुसरं काम हळदीचं. पांढऱ्या फडक्यावर ओल्या हळदीचा हात उमटवायचा, वाळू द्यायचा, मग त्यावर साबणाचं बोट फिरवायचं. पिवळ्यात लाल रेघ उमटते. लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळं. हळदीतला रंगद्रव्याचा कण क्षारात लाल होतो आणि आम्लात पिवळा राहतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करण्यामागेही हेच आहे, पण चुना भाजतो, डोळ्यांत गेला तर फार वाईट, म्हणून मुलांना साबणच द्यावा. गोकर्णाच्या निळ्या फुलांचं पाणी लिंबानं जांभळं-गुलाबी होतं. हा खेळ एकदा दाखवला की मुलं स्वयंपाकघरातली प्रत्येक वस्तू थेंब थेंब टाकून बघतात. चिंच, ताक, खाण्याचा सोडा, साखर. त्यांना बघू द्या.

एप्रिल-मेमध्ये बालवाडीला सुट्टी, पण खरी शाळा तेव्हा गच्चीवर भरते. वाळवणं. कुरडयांचा चीक खायला मिळतो, ओल्या कुरडया वजनाला जड, संध्याकाळी हलक्या. त्यांतलं पाणी गेलं कुठं? मिठाचं पाणी पसरट ताटलीत उन्हात ठेवलं तर दोन दिवसांत ताटलीत पांढरे स्फटिक उरतात. मुलं ते चाटून बघतात. कापडात गुंडाळलेली ओली बाटली आणि तशीच ठेवलेली बाटली, संध्याकाळी गालाला लावून बघा, ओली गार असते. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, माठाचंही तेच. लहान मुलाला एवढं सांगायची गरज नाही. त्याच्या गालाला कळलेलं असतं.

आणि ती डिसेंबरची सावली. मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत एक दिवस असा येतो की भर दुपारी, साडेबाराच्या सुमारास, सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्याच फरशीवर मुलाला उभं करा, डोक्यावर ओला रुमाल ठेवून, दोनच मिनिटं. हिवाळ्यात रंगवलेली ती लांब रेघ समोर असते आणि सावली कुठंच नसते. मुलं गोल फिरून शोधतात, मागे वळून बघतात. एक पाय उचलला की ती पायाखाली सापडते.

याच दिवसांत घराघरांत आंबे असतात. कोयी टाकू नयेत. धुऊन, सावलीत वाळवून, मेअखेरीला अंगणाच्या कडेला ओळीनं पुरायच्या आणि प्रत्येकीवर आपला खडा ठेवायचा, रंगवलेला, म्हणजे कुणाची कुठली ते कळतं. पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवडे काही दिसत नाही. वालाच्या ग्लासात वाट बघायला शिकलेली मुलं या वेळी उकरत नाहीत, पण रोज खड्यांपाशी जाऊन येतात. मग एका सकाळी माती फाटलेली असते आणि तांबूस, लोंबत्या, मऊ पानांचा तुरा वर आलेला असतो. सगळीच रोपं ठेवायला जागा नसते. एखादं उपटायचं, कोयीचं कवच काढायचं, आतल्या गराचं टोक पायरीच्या दगडावर पाणी घालून घासायचं, मधे फट पडेपर्यंत. ओठांत धरून फुंकलं की पुंगी वाजते. पहिल्या फुंकरीला नुसती हवा येते. थोडं आणखी घासायचं आणि पुन्हा फुंकायचं.